मर्सियाचा कसीदा झाला तेव्हा

आयर्न मेडन या इंग्रज वाद्यवृंदाचा 'पीस ऑफ माइंड' हा गीतसंग्रह मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले नववे आणि शेवटचे गीत म्हणजे 'टू टेम अ लँड'. भूमी काबूत आणण्यासाठी, असा त्या नावाचा अर्थ. साडेसात मिनिटांच्या आसपासचे हे गीत ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या प्रकारातले, म्हणजे कर्कश गिटारी, घोडदौडीचा ठेका आणि टिपेचा आवाज. हे गीत फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' या १९६५ च्या विज्ञान कादंबरीवर बेतलेले आहे. मुस्लिम मराठी वाचकाने याची दखल कशाला घ्यावी, असा प्रश्न येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर कादंबरीच्या शब्दकोशात आहे. हजारो वर्षांनंतरच्या एका परग्रहाची ही कथा महदी, जिहाद, हज, फिकह, उसूल, इल्म, शैतान अशा शब्दांनी भरलेली आहे. आपल्या घरातले शब्द दुसऱ्याच्या घरात जाऊन काय होतात, आणि तिथून तिसऱ्याच्या तोंडी गेले म्हणजे त्यांचे काय उरते, हे पाहायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

आधी कथा थोडक्यात सांगतो. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह आहे. त्यालाच ड्यून, म्हणजे वाळूची टेकडी, म्हणतात. तिथे पाणी नाही. माणसाच्या अंगातला घाम, श्वासातला ओलावासुद्धा एका खास पोशाखात साठवून पुन्हा प्यावा लागतो. परंतु साऱ्या विश्वाचा व्यापार आणि दळणवळण ज्यावर चालते तो 'मसाला' फक्त इथेच मिळतो. म्हणून साम्राज्ये त्यासाठी लढतात. कॅलाडन या पाण्याच्या ग्रहावरून आलेल्या सरदाराचा मुलगा पॉल हा बापाचा घात झाल्यावर आईबरोबर वाळवंटात पळतो. तिथले रहिवासी फ्रेमेन त्याला आसरा देतात, पुढे नेता मानतात, मग तारणहार मानतात. त्यांच्या बळावर तो बादशहाला नमवून तख्त घेतो. आखातातल्या तेलाचे राजकारण, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची दंतकथा, कॉकेशसमधील इमाम शामिल यांच्या लढ्यावर लेस्ली ब्लँच यांनी १९६० मध्ये लिहिलेले पुस्तक, या साऱ्यांच्या खुणा कादंबरीत स्पष्ट दिसतात.

इथवर ऐकले तर कोणालाही वाटेल की ही एका वीराची विजयगाथा आहे. स्टीव्ह हॅरिस यांना तसेच वाटलेले दिसते. वाद्यवृंदाचे हे संस्थापक बास गिटार वाजवतात, आणि हे गीत त्यांनीच रचले आहे. आमचे म्हणणे असे आहे की कादंबरी मुळात मर्सिया आहे आणि गीतकाराने तिचा कसीदा केला.

हे दोन शब्द उर्दू न वाचणाऱ्यांसाठी उलगडले पाहिजेत. मराठीतला कशिदा म्हणजे भरतकाम. उर्दूतला कसीदा म्हणजे स्तुतिकाव्य. सौदा आणि जौक हे त्यातले उस्ताद. कसीद्याची बांधणी ठरलेली असते. आधी तश्बीब, म्हणजे ऋतूचे, बागेचे किंवा वाळवंटाचे वर्णन. मग गुरेज, म्हणजे हळूच वळण घेऊन मुख्य व्यक्तीकडे येणे. मग मद्ह, म्हणजे तिची स्तुती. शेवटी दुआ. मर्सिया म्हणजे शोककाव्य. अनीस आणि दबीर यांनी करबलाच्या प्रसंगावर लिहून तो उर्दू काव्याच्या शिखरावर नेला. त्यातही वीराचे रूप असते, रणांगणात त्याचे येणे असते, तलवारीची तारीफ असते. पण हे सारे ज्याच्याकडे चाललेले असते तो शेवटचा भाग बैन, म्हणजे आक्रोश. मर्सिया ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते की शेवटी काय होणार आहे. वीराची तारीफ ऐकतानाही त्याचा गळा दाटलेला असतो.

आता गीताकडे पाहू. शब्दांची रचना कसीद्याच्या चौकटीत इतकी नेमकी बसते की हॅरिस यांनी सौदा वाचला होता की काय, असे गमतीने म्हणावे. वाळूचे राज्य, त्यातले प्रचंड वाळूकिडे, पाण्यावाचून होणारे हाल, तो खास पोशाख: ही तश्बीब. मग पुन्हा या भूमीच्या राजाकडे वळणे. मग मद्ह: तो भूत आणि भविष्य पाहू शकतो, तो ताऱ्यांचा स्वामी आहे, तो शत्रूंना कापून काढील, तो सर्वश्रेष्ठ मसीहा आहे, न्यायाच्या घडीला तो दुष्टाईविरुद्ध उभा राहील. शेवटी आश्वासन: चिंता नको, तो सर्व निस्तरील. संशयाचा एक शब्द नाही. ज्या जिहादच्या कल्पनेने कादंबरीतला पॉल पानोपानी हादरतो, तो शब्दही गीतात कुठे नाही.

कादंबरी काय सांगते? पॉलला भविष्य दिसते, आणि त्यात आपल्या निशाणाखाली, आपल्या नावाचा जयघोष करत विश्वभर पेटत जाणारे युद्ध त्याला दिसते. ते टळावे म्हणून तो धडपडतो आणि शेवटी तख्तावर बसतो तेव्हा उमजतो की ते आता टळणार नाही. पुढच्या 'ड्यून मसाया' या १९६९ च्या भागात तोच आपल्या बळींचा हिशेब मांडतो: कमीत कमी एकसष्ट अब्ज माणसे. इतिहासातल्या जुलमी राज्यकर्त्यांची नावे घेऊन, माझ्यापुढे ते किरकोळ, असे तो कडवट हसून सांगतो. शिवाय त्याला मसीहा मानण्याची जी श्रद्धा फ्रेमेन लोकांत आहे, ती आपोआप उगवलेली नाही. बेने गेसेरिट नावाच्या एका धूर्त स्त्रीसंघाने पिढ्यान्‌पिढ्या आधी निरनिराळ्या ग्रहांवरच्या भोळ्या लोकांत अशा भविष्यवाण्या पेरून ठेवल्या होत्या, गरज पडल्यास आपल्या माणसाला आसरा मिळावा म्हणून. पॉल आणि त्याची आई त्या पेरलेल्या श्रद्धेचे पीक काढतात. हर्बर्ट यांनी १९८० मध्ये 'ऑम्नी' मासिकातल्या लेखात स्पष्टच लिहिले होते की महावीर हे मानवजातीला घातक असतात, हाच आपला विषय होता.

म्हणजे गीत रचले जाण्याच्या वेळी दुसरा भाग चौदा वर्षांचा आणि लेखकाचा खुलासा तीन वर्षांचा होता. तरी मसीहा कसीद्यातच बसला.

गीताची बाजू घेणारे एक चांगले उत्तर देऊ शकतील, आणि ते ऐकले पाहिजे. ते म्हणतील, हे बोल गीतकाराचे नाहीत. ते फ्रेमेन अनुयायाचे आहेत. भक्त असाच गातो. कादंबरीतही प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर राजकन्या इरुलान हिच्या ग्रंथांतले उतारे आहेत, आणि त्यांत मुआद्दिबची थोरवीच गायली आहे. मग तेच काम गीताने केले तर बिघडले काय? मुद्दा वजनदार आहे. पण हर्बर्ट यांची युक्ती अशी की वर इरुलानचा कसीदा आणि खाली घाबरलेला, हिशेबी, कधी निर्दय असा हाडामांसाचा तरुण. वाचक त्या दोहोंमधल्या फटीतून आत पाहतो. गीतात फट नाही. वरचा उतारा ठेवला आणि खालचे प्रकरण गाळले, असे झाले आहे. मुखवटा घातल्याचे कुठूनतरी दिसावे लागते. नाहीतर तो चेहराच होतो.

आता शब्दांकडे येतो, कारण उर्दूच्या शिक्षकाला तिथे थांबल्याशिवाय राहवत नाही. पॉल फ्रेमेन लोकांत जे नाव घेतो ते 'मुआद्दिब'. कादंबरीत हे वाळवंटातल्या एका उंदराचे नाव आहे. तो वाळूत तग धरतो, स्वतःचे पाणी स्वतः तयार करतो. गीतात उंदीर आला आहे. पण त्याच प्रसंगी फ्रेमेनांचा नायक स्टिलगर दुसरा अर्थही सांगतो: मुलांना शिकवणारा. आपल्याला हा शब्द नवा नाही. अदब, अदीब, मुअद्दब, मुअद्दिब, सारे एकाच धातूचे. मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, शिक्षक. हर्बर्ट यांनी हे जाणून केले. शिक्षकाचे नाव धारण केलेला माणूस शेवटी सेनापती होतो, या विसंगतीत कादंबरीची अर्धी वेदना आहे. गीताने उंदीर ठेवला, राजा ठेवला आणि मधला मास्तर गाळला.

दुसरा शब्द 'लिसान अल-गैब'. फ्रेमेन पॉलला या नावाने ओळखतात. बाहेरच्या जगातून आलेला आवाज, असा कादंबरीतला अर्थ. फारसी-उर्दूच्या वाचकाला मात्र लिसान-उल-गैब म्हटले की हाफिज शिराजी आठवतो. त्याच्या दिवानालाही लोक याच नावाने ओळखतात आणि त्यातून फाल काढतात. एका कवीची पदवी एका विजेत्याला मिळाली. तिसरा शब्द 'किताब अल-इबर'. कादंबरीत हे फ्रेमेनांचे वाळवंटात जगण्याचे आणि धर्माचे पुस्तक आहे. इब्ने खल्दून याच्या इतिहासग्रंथाचे नाव हेच, आणि १३७७ मध्ये लिहिलेला मुकद्दमा ही त्याचीच प्रस्तावना. वाळवंटातल्या टोळ्या आपल्या असबियतीच्या, म्हणजे एकजुटीच्या, बळावर शहरे जिंकतात आणि सत्ता भोगता भोगता काही पिढ्यांत पोखरून जातात, हा त्याचा सिद्धांत. फ्रेमेनांचे पुढे नेमके हेच होते. 'बि-ला कैफा' हा इल्मे-कलाममधला वाक्प्रयोग, 'कसे ते न विचारता' अशा अर्थाचा. फ्रेमेन तो आमीनसारखा वापरतात. शुहदा, म्हणजे शहीद, यांचा जयघोष कादंबरीत लढवय्यांचा जयघोष झाला आहे. काही शब्द आपल्याकडचे नाहीत हेही सांगितले पाहिजे. गीतात ठळकपणे येणारा 'क्विसाट्झ हादेराक' हा हिब्रू परंपरेतला शब्द, वाट आखूड होणे या अर्थाचा. सूफी कथांतला तय्युल-अर्ज त्याचाच सख्खा भाऊ.

हे पाहून आपल्याकडे दोन प्रतिक्रिया होतात. एक अभिमानाची: पाहा, अमेरिकन लेखकालाही आमचे शब्द घ्यावे लागले. दुसरी संतापाची: जिहादचा अर्थ यांनी पुन्हा रक्तपात असाच केला. दोन्ही प्रतिक्रिया पुस्तक मिटून दिलेल्या आहेत. हर्बर्ट यांनी हे शब्द रंग भरण्यासाठी घेतले असते तर वीस-पंचवीस शब्द पुरले असते. त्यांनी एका समाजाचे दुःख, स्थलांतर, छळ, पाण्याची तहान आणि वाट पाहणे हे त्या शब्दांबरोबर घेतले. त्यांचे दोषही आहेत. वाळवंटी लोकांना वाचवायला बाहेरचा सरदारपुत्रच लागावा, ही जुनी साम्राज्यवादी गोष्ट ते सांगतात; तिच्यावर टीका करत सांगतात, पण सांगतात. जिहादचा नफ्साशी झगडा हा अर्थ त्यांच्या कामाचा नव्हता. एवढे मान्य करूनही आम्ही म्हणू की त्यांनी शब्द घेतला तो वापरला, लपवला नाही. डेनी व्हिलन्यूव्ह यांच्या २०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांत जिहाद शब्द टाळून 'होली वॉर' घातला गेला. सदिच्छा असेल, भीती असेल. पण शब्द काढल्याने तो आपल्याला परत मिळत नाही. तो फक्त वर्तमानपत्रांच्या ताब्यात राहतो.

हॅरिस यांच्या गीतातून १९८३ मध्ये जिहाद गळला तो मात्र भीतीने नसावा. तो गळला कारण कसीद्यात त्याला जागा नव्हती. स्तुतीचा नियमच असा आहे की विजय सांगायचा, किंमत सांगायची नाही.

गीताच्या नावातही एक गंमत लपली आहे. हॅरिस यांना 'ड्यून' हेच नाव हवे होते. परवानगी मागितली तेव्हा हर्बर्ट यांच्या प्रतिनिधीकडून उत्तर आले की लेखकाला रॉक वाद्यवृंद आवडत नाहीत, त्यांतही जड वाजवणारे आवडत नाहीत आणि त्यांतही आयर्न मेडनसारखे मुळीच नाहीत. ज्या कादंबरीत गर्नी हॅलेक हा योद्धा बॅलिसेट नावाचे तंतुवाद्य छेडत गातो, तिच्या लेखकाचे हे उत्तर आम्हाला कोते वाटते. पण नाव बदलले आणि नकळत खोल झाले. भूमी काबूत आणण्याचे स्वप्न कादंबरीत पॉलचे नाही. ते काइन्स या पर्यावरणशास्त्रज्ञाचे आहे. अराकिस हिरवा करायचा, वाहते पाणी आणायचे, यासाठी काइन्स बापलेक फ्रेमेनांना पिढ्यांची योजना आखून देतात. पण पाणी वाळूकिड्यांना मारते, आणि किडे मेले की मसाला संपतो. भूमी काबूत येईल तेव्हा ती भूमीच उरणार नाही, असा तो पेच आहे. आणि हाच धाकटा काइन्स वाळवंटात मरायला टाकला जातो तेव्हा त्याच्या कानात मेलेल्या बापाचा आवाज येतो: आपल्या लोकांना वीरपुरुष लाभणे हीच सर्वांत मोठी आपत्ती ठरेल. गीताने नाव काइन्सचे घेतले आणि काइन्सलाच विसरले.

इतके झाल्यावर गीत टाकाऊ ठरवावे काय? नाही, आणि त्याचे कारण शब्दांत नसून सुरांत आहे. सुरुवातीची गिटार संथ, मोकळी, दबकत येणारी आहे. तिच्या सुरावटीला अरबी छटा आहे. वाळवंट म्हटले की पाश्चात्त्य संगीतकार हाच सूर लावतात, म्हणून ती छटा थोडी ठोकळेबाज वाटते. पण तिच्यात एक दहशत आहे. मग ठेका पळू लागतो आणि ब्रूस डिकिन्सन यांचा आवाज वर चढतो. कादंबरीतली परकी नावे ओळीत कोंबताना शब्द अडखळतात, यमके ओढूनताणून येतात. परंतु पुढे आवाज थांबतो आणि डेव्ह मरे व एड्रियन स्मिथ यांच्या गिटारी आणि हॅरिस यांचा बास बराच वेळ शब्दांविना बोलतात. त्या लांबलचक भागात विजयाचा जल्लोष ऐकू येत नाही. काहीतरी सुटले आहे, पळते आहे आणि आता कोणाच्याच हातात नाही, असे वाटते. पॉलला जे स्वप्नात दिसते ते हेच. शब्दांनी कसीदा म्हटला, वाद्यांनी बैन म्हटले. हॅरिस वाचक म्हणून अर्धवट ठरले असतील, पण संगीतकार म्हणून त्यांच्या बोटांना पुस्तक अधिक कळले होते, असा आमचा निष्कर्ष आहे.

आणखी एक श्रेय द्यायला हवे. हा वाद्यवृंद १९७५ मध्ये पूर्व लंडनच्या कामकरी वस्तीत जन्मला. त्यांनी एडगर ॲलन पो, टेनिसन, कोलरिज यांच्या साहित्यावर गीते रचली. ज्या पोरांनी शाळेत कविता टाळली, त्यांच्यापर्यंत त्यांनी ती पोहोचवली. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा 'टू टेम अ लँड' गायले गेले नाही. कोलरिजच्या खलाशाची लांब कथा मात्र गायली गेली. पुस्तकाची वाट दाखवणारे गाणे अपुरे असले तरी वाट दाखवतेच. पुढे चालणे ऐकणाऱ्याचे काम.

आणि हे काम आपल्याही वाट्याचे आहे. वीराचा कसीदा म्हणणे ही काही फक्त इंग्रजांची खोड नाही. आपल्या जलशांत, निवडणुकीच्या सभांत, चौकातल्या फलकांवर कोणी ना कोणी मसीहा रोज उभा केला जातो. आज एकाला कौमचा रहनुमा म्हणतात, उद्या दुसऱ्याला. समाज जितका कोंडलेला, तितकी तारणहाराची तहान मोठी, आणि तहानलेल्याला पाणी कोणी दिले हे तपासायला सवड नसते. फ्रेमेनांचे हेच झाले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. तिचा वापर करणारे दुसरेच होते. मुस्लिम मराठी साहित्याने मौलवी, पुढारी आणि परंपरा यांना प्रश्न विचारण्याची सवय स्वतःला मोठ्या कष्टाने लावून घेतली आहे. ती सवय इथेही कामाची आहे.

वर्गात नववी-दहावीच्या मुलांना कसीदा आणि मर्सिया यांतला फरक शिकवताना आम्ही एक साधी कसोटी सांगतो: कवी कोणाकडे पाहतो आहे? कसीद्यात तो तख्ताकडे पाहतो. मर्सियात तहानेने सुकलेल्या ओठांकडे. हर्बर्ट यांनी पाचशेहून अधिक पाने त्या ओठांवरची नजर ढळू दिली नाही. गीताच्या शब्दांची नजर तख्तावर खिळली. हे गीत ऐकणाऱ्याने शब्द संपल्यावर लगेच उठू नये. वाद्ये जे सांगतात ते शेवटपर्यंत ऐकावे, आणि मग पुस्तक उघडावे.